काळ्या वहीचं वजन

१

चारशे बारा नंबरचा खडा हलका निघाला आणि ते साहेबांच्या लक्षात आलं, हेच मुळात नवल. साहेबांच्या लक्षात सहसा काही येत नसे. खनिज संग्रहालयाचे प्रमुख होऊन त्यांना सहा महिने झाले होते. तेवढ्यात त्यांनी पडदे बदलले होते, पाट्या बदलल्या होत्या, चहाची वेळ बदलली होती. दगडांकडे मात्र फारसं पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी चार वाजता परगावाहून एक मोठ्या खनिजतज्ज्ञ बाई येणार होत्या, त्याही फक्त चारशे बारा बघायला. तेव्हा साहेबांनी सकाळीच कपाट उघडून तो खडा स्वतः काट्यावर ठेवला. कार्डावर वजन होतं सत्तावीस पूर्णांक चार ग्रॅम. काट्यानं दाखवलं बारा पूर्णांक एक.

काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी त्यावर आपलं पेन ठेवून पाहिलं, किल्ल्या ठेवून पाहिल्या, शेवटी दुसरा काटा मागवला. बारा पूर्णांक एक.

अर्ध्या तासानं तोळाबाईंचा फोन वाजला. संग्रहालय सांभाळणारी त्यांची भाची बोलत होती, आणि रडू आवरायचं असलं की बोलते तशी एकेक शब्द मोजून बोलत होती. मावशी, चारशे बारा आज बाराच ग्रॅम भरलाय, लगेच ये, साहेबांनी बोलावलंय, चष्मा विसरू नकोस. एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

तोळाबाईंनी खाणीच्या वजनखोलीत तेहेतीस वर्षं काढली होती. हातात दगड घेऊन त्या वजन सांगायच्या आणि काटा त्यांच्या होला हो करायचा, म्हणून कामगारांनी त्यांना हे नाव ठेवलं. खाण बंद पडून तिच्यात पाणी भरलं त्याला अकरा वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई काटेकोर होत्या, म्हणजे लोकांच्या भाषेत खडूस. वजनखोलीत त्यांनी एक रिवाज पाडला होता. नमुना आत येताना तोलायचा आणि बाहेर जाताना पुन्हा तोलायचा. मधे जे कमी झालं असेल त्याला त्या ‘हातघट’ म्हणत, आणि ज्याच्या हातून घट झाली त्याचं पूर्ण नाव रजिस्टरात समोर लिहीत. तिथे साहेब असो की हमाल, कुणाला सूट नव्हती. एकदा बाईंच्या रजिस्टरात नाव लागलं की ते खोडायला बाईंनाच पुन्हा जन्माला यावं लागेल, अशी कामगार थट्टा करायचे.

आणि चारशे बारा तर त्यांनीच तोललेला. तीस वर्षांपूर्वी, खाणीतले नमुने गोळा करणारे मास्तर तो ओल्या रुमालात गुंडाळून वर घेऊन आले त्याच दिवशी.

बाईंनी चष्मा पिशवीत टाकला आणि चप्पल घातली. बारा म्हणजे थोडंथोडकं कमी नव्हे. एवढी हातघट जगात कुणाच्या हातून होत नाही.

२

साहेबांच्या खोलीत दाराशी काकू उभ्या होत्या. काकू म्हणजे संग्रहालय झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘पायपुसणं कशाला ठेवलंय’ म्हणून विचारणाऱ्या. आज बाई आत आल्या तेव्हा त्यांनी पायपुसण्याचं नावही काढलं नाही. कपाटाच्या काचा त्या पुसतात, एक किल्ली त्यांच्याकडे असते, तेव्हा साहेबांनी सरळ त्यांच्यावरच बोट ठेवलं होतं. भाची खिडकीशी उभी होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

तोळाबाईंनी खडा तळहातावर घेतला आणि डोळे मिटले.

चारशे बारा म्हणजे क्वेन्सेलाइट, शिसं आणि मँगनीज यांचं एक दुर्मीळ ऑक्साइड. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खाणींत ते सापडलंय, आणि सापडतं तेही कपारींत चिकटलेल्या बारीक बारीक काळ्या चकत्यांच्या रूपात. या खाणीत मात्र मास्तरांना एका फटीत अंगठ्याच्या पेराएवढा अख्खा खडा मिळाला. डांबरासारखा काळा, चकाकता, आणि बंद वहीच्या पानांसारखे थर असलेला. म्हणून त्याचं नाव पडलं ‘काळी वही’. शिशामुळे तो हातात घेतला की मनगट खाली जायचं. एवढासा जीव आणि एवढा भार, असं कामगार म्हणायचे. आज बाईंचं मनगट जागचं हललं नाही.

त्यांनी सुई मागितली आणि खड्याच्या कडेचं एक पापुद्र्याएवढं पान उचकटलं. चिमटीत धरून वाकवलं, सोडलं. ते टुणकन सरळ झालं.

बाईंनी सांगितलं की हा काळा अभ्रक आहे. अभ्रकाचं पान वाकवलं तर परत उसळतं. काळ्या वहीचं पान वाकतं, पण वाकलं की वाकलेलंच राहतं. शिवाय अभ्रकाचं वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी. कपाटात काचेआड ठेवला तर दोघांतला फरक भल्याभल्यांना कळणार नाही, कारण संग्रहालयात सगळे बघतात, उचलत कुणी नाही.

“म्हणजे चोरी,” साहेब म्हणाले.

बाईंचं लक्ष दगडाकडे होतं. त्यांनी खडा उलटा केला होता. संग्रहालयातल्या प्रत्येक दगडाच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा एक टिपका असतो, त्यावर शाईनं नंबर आणि वरून वार्निशचा हात. या खड्याच्या कडेलाही तसा टिपका होता, गव्हाच्या दाण्याएवढा, आणि त्यावर ४१२. बाईंनी भिंग लावलं, मग ते पुसून पुन्हा लावलं.

साहेबही वाकून बघत होते. त्यांनी कार्ड उचललं, टिपक्याशेजारी धरलं, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“बाई,” ते सावकाश म्हणाले, “हे तर तुमचंच अक्षर आहे.”

३

अक्षर बाईंचंच होतं. चाराचं पोट तसंच फुगलेलं, शाई तीच, जुनी, तपकिरी पडलेली. नव्यानं कुणी नक्कल केलेली नव्हती. तीस वर्षांपूर्वीचा खरा टिपका आणि तो खोट्या दगडावर.

साहेबांचं डोकं आता भरधाव सुटलं. त्यांनी निष्कर्ष काढला की चोरी वगैरे काही झालेलीच नाही. खडा पहिल्यापासून हाच होता. मास्तरांनी अभ्रक आणून क्वेन्सेलाइट म्हणून खपवला, बाईंनी हवं ते वजन लिहून दिलं, आणि तीस वर्षं सगळं जग डोळे मिटून बसलं. चार वाजता पाहुण्या आल्या की आपण होऊन हे त्यांना सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आपल्या कारकिर्दीत खोटं उघड झालं, याचं त्यांना जरा बरंही वाटत असावं. कपाटाखाली मास्तरांच्या नावाची पितळी पट्टी होती. ती काढायला त्यांनी स्क्रू ड्रायव्हरही मागवला.

तोळाबाईंना राग आला आणि रागापेक्षाही जास्त भीती वाटली. तेहेतीस वर्षांत त्यांनी खोटं वजन लिहिलं नव्हतं. पण ते त्यांना माहीत होतं, साहेबांना कशाला माहीत असेल? आणि मास्तर तर ऐंशीच्या घरात. आयुष्यात त्या माणसानं मिरवलं असेल तर एवढं एक पितळेचं बोटभर नाव. बाईंनी साहेबांकडे चार वाजेपर्यंतची मुदत मागितली. साहेब म्हणाले, घ्या की.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

काकू व्हरांड्यातल्या बेसिनपाशी रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. चोरीचा आळ टळला तरी त्यांचा राग उतरला नव्हता. बाईंनी त्यांना बोलतं केलं, म्हणजे फक्त ऐकून घेतलं. काकूंच्या तक्रारी पुष्कळ होत्या. साहेबांचे नवे पडदे धूळ धरतात. दगडांचे फोटो काढायला फोटोवाली मुलगी आली होती, ती दिव्यांच्या वायरी पसरून गेली. पण गेले काही दिवस एक बरं झालंय, त्या म्हणाल्या. हा साबण बघा.

बाईंनी साबण पाहिला. पांढरी वडी होती, कडेनं झिजलेली.

“आधी रोज दुपारपर्यंत तपकिरी व्हायचा,” काकू म्हणाल्या. “बेसिनलासुद्धा ओघळ. घासून घासून हात दुखायचे माझे. आता बारा-तेरा दिवस झाले, एक डाग नाही.”

बाईंनी तो दिवस कोणता, हे पुन्हा विचारलं. काकूंनी बोटं मोजून सांगितलं. फोटोवाली येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

फोटोवाली मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची. तोळाबाई भर उन्हात तिच्याकडे गेल्या. ही मुलगी चुणचुणीत, आणि तिचं अक्षर छापल्यासारखं; दुकानांच्या पाट्याही तीच रंगवायची. संशय घ्यायचा तर जागा होती. काळी वही अर्धा दिवस तिच्यासमोर टेबलावर होती. पण तिनं आढेवेढे न घेता सगळे फोटो काढून दाखवले. खड्याला तिनं हात लावलाच नव्हता, तो भाचीनंच ठेवला आणि भाचीनंच उचलला. एका फोटोत खडा कडेवर उभा होता आणि टिपका दिसत होता. बाईंनी तो फोटो मोठा करायला सांगितला.

फोटोत टिपका कडेला समांतर होता, अगदी सरळ. सकाळच्या खड्यावर तो तिरका बसलेला होता.

४

संग्रहालयात परतल्यावर बाईंनी भाचीला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मावशीपण बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की कपाट उघडून रोज त्या खड्याला हात कोण लावत होतं. बेसिनचा साबण रोज तपकिरी होत होता. काळी वही मऊ असते, घासली की गर्द तपकिरी भुकटी सोडते. ती कुणाच्या तरी हाताला लागत होती.

भाचीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग तिचा बांध फुटला. किल्ली ती द्यायची. रोज सकाळी अकराला, मास्तरांना. खाण बंद पडल्यापासून मास्तर दररोज यायचे, कपाटासमोरच्या खुर्चीत बसायचे, आणि पंधरा मिनिटं खडा हातात घेऊन अंगठ्यानं त्याची कड कुरवाळायचे. नियमात बसत नव्हतं, पण नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. उलट, शिसं आहे त्यात, हात स्वच्छ धुवा, एवढंच ती रोज बजावायची. तेही आज्ञाधारकपणे धुवायचे.

“आणि आता?” बाईंनी विचारलं.

“आता येतात, पण किल्ली मागत नाहीत. खुर्चीही हलवलीये. खिडकीकडे तोंड करून बसतात. मला वाटलं, वय झालं, कंटाळले असतील.” मग ती हळूच म्हणाली, “मावशी, मी साहेबांना सांगितलं नाही. माझी नोकरी जाईल म्हणून नाही. सगळे त्यांनाच चोर म्हणतील म्हणून.”

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भाचीवर रागवायचं राहून गेलं.

पण आधी आपली आणि मास्तरांची लबाडी नव्हती, हे सिद्ध करायला हवं होतं. फोटो दाखवला तर साहेब म्हणणार, कॅमेरा तिरका असेल. बाई स्टुलावर बसून त्या टिपक्याकडे बघत राहिल्या. टिपका त्यांनी स्वतः लावला होता, मास्तर शेजारी उभे होते. बाई सपाट बाजूवर रंग लावायला निघाल्या तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात धरला होता. सपाट बाजूवर नको, तिथे रंग लावलास तर वरचं पानच सुटून येईल, नंबर जाईल. कडेला लाव, म्हणजे सगळ्या पानांना मिळून धरेल. वजनखोलीत शिकवलेली ही गोष्ट बाई विसरल्या नव्हत्या.

आणि एकाएकी त्या उठल्या.

सगळ्या पानांना मिळून धरेल! म्हणजे तो टिपका खऱ्या खड्यावरून कुणी सोलून काढला असेल, तर रिकामा निघणारच नाही. प्रत्येक पानाचा कण त्याच्या पोटाला चिकटून येईल.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. अडीच वाजले होते. साहेबांसमोरच त्यांनी पात्याच्या टोकानं टिपका अलगद सोडवला. तो सहज सुटला, कारण खाली जुन्या रंगाची पकड नव्हती, नुसता डिंक होता. बाईंनी आधी अभ्रकाचा खडा पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर घासला. फिकट, राखेसारखी पुसट रेघ उमटली. मग टिपका चिमट्यात धरला आणि त्याची मागची बाजू फरशीवर ओढली.

गर्द तपकिरी रेघ उमटली, राखाडी छटेची, केसाएवढी बारीक पण स्वच्छ.

भिंगातून बाईंनी टिपक्याच्या पोटाला चिकटलेला एक कणही दाखवला, काळा, कागदाहून पातळ. सुईनं दाबला तसा वाकला आणि वाकलेलाच राहिला. साहेब बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. खरा खडा होता, हे आता त्यांनाही नाकारता येईना.

“मग तो नेला कुणी?” त्यांनी विचारलं.

आता बाईंना उत्तर माहीत होतं. सांगावं की नाही, हे मात्र कळत नव्हतं.

५

बाईंचा विचार सरळ होता. खोटा खडा बनवणाऱ्याला त्यावर ४१२ हवा होता. ज्याला लिहिता येतं तो काय करेल? पांढरा ठिपका देईल आणि नवा नंबर लिहील, दोन मिनिटांचं काम. फोटोवाली लिहू शकली असती, भाची लिहू शकली असती, बाहेरचा कुणी चोर असता तर त्यानंही लिहिला असता. जुना टिपका नखानं सोलून, डिंक लावून, तिरका का होईना पण चिकटवण्याची यातायात करेल तो एकच माणूस. ज्याचे हात आता इतके थरथरतात की गव्हाच्या दाण्यावर तीन आकडे लिहिणं त्याला जमणार नाही.

मास्तर आज अजून घरी गेले नव्हते; कपाटाच्या खोलीत खिडकीशी बसले होते, कपाटाकडे पाठ करून. तोळाबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“साबण पांढरा आहे, मास्तर,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. जणू हेच कुणीतरी विचारावं, याची ते बारा दिवस वाट बघत होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली, अडखळत. फोटोच्या दुसऱ्या दिवशी खडा नेहमीसारखा हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि हात असा काही थरथरला की खडा निसटला. फरशीवर पडला. आवाजसुद्धा झाला नाही फारसा. वही उलगडावी तशी पानं सुटली. भाची त्या वेळी फोनवर होती. मास्तरांनी गुडघ्यावर बसून एकेक पान वेचलं, बोट ओलं करून भुकटीसुद्धा उचलली, आणि ते हात न धुताच घरी गेले. आपल्या घरातला अभ्रकाचा तुकडा कानसून त्यांनी दुसऱ्या दिवशी, शेवटची किल्ली मागून, कपाटात ठेवला; तोवर रिकाम्या जागेकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. दोन दिवसांत सांगून टाकू, असं मनाशी म्हणाले. मग पाहुण्या येणार असं ठरलं, आणि तोंड उघडायची हिंमतच गेली.

बाईंनी विचारलं की नंबर का सोलला, माझ्याकडून लिहून घेतला असता की.

“एका नंबराचे दोन दगड करायचे नसतात, बाई,” मास्तर म्हणाले. “एवढं पाप नको होतं. दगड खोटा ठेवला, पण नंबर खोटा लिहिला नाही.”

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. काय माणूस! लबाडी केली तीसुद्धा नियमात बसवून. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मास्तरांना साहेबांचं म्हणणं सांगितलं. खडा मुळातच खोटा होता असं ते चार वाजता जाहीर करणार होते, आता चोरी झाली म्हणतील. पट्टी काढायला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर येऊन पडलाय.

मास्तरांचा चेहरा उतरला. खोटेपणाचा आळ बाईंवरही आला होता, हे ऐकून तो आणखी उतरला. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चष्म्याची पत्र्याची डबी काढली. उघडताना ती हातात वाजत होती, म्हणून बाईंनी खालून आधार दिला.

डबीत टिपकागदाच्या घड्या होत्या, आणि प्रत्येक घडीत एक काळं पान.

६

साडेतीन वाजता मास्तर स्वतः साहेबांच्या टेबलापाशी आले. बाई मागे होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं. पडलं ते, लपवलं ते, अभ्रक ठेवला तो. किल्लीबद्दल बोलताना ते म्हणाले की मीच मुलीच्या गळी पडलो, तिला बोल लावू नका. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या काकूंकडे वळून त्यांनी हात जोडले. काकूंनी नुसतं, राहू द्या हो, असं म्हटलं आणि पदरानं नाक पुसलं.

साहेब अवघडले. चोर पकडायची तयारी त्यांनी केली होती, असं काही ऐकायची नव्हती. शेवटी त्यांनी आपल्याला येत होतं तेवढं विचारलं. पानं सगळी आहेत कशावरून? दोन-चार चांगली बाजूला गेली नसतील कशावरून?

“तोला,” मास्तर म्हणाले. “बाई, तूच तोल.”

तोळाबाईंनी काटा शून्यावर आणला. चिमट्यानं एकेक पान उचलून ठेवलं. एकोणीस पानं झाली. भुकटीची पुडी झटकली. मग टिपका आणि त्याच्या पोटाला चिकटलेले कण.

सव्वीस पूर्णांक नऊ.

“अर्धा ग्रॅम कमी,” साहेब म्हणाले.

मास्तरांनी खुर्चीचा हात पकडला. आपण एक कणही सोडला नव्हता, फरशी ओल्या फडक्यानं टिपून घेतली होती, असं ते पुटपुटले. आयुष्यभर दगड मोजण्यात गेलेल्या माणसाला अर्धा ग्रॅम म्हणजे काय ते माहीत होतं. एखादं अख्खं पान.

बाईंनी सगळ्यात जाड पान उचललं आणि उजेडात धरलं. त्याच्या तीन कडा धारदार होत्या. चौथी कड गोल झाली होती, गुळगुळीत, मधे किंचित खोलगट. दुसऱ्या पानाची तीच कड तशीच. तिसऱ्याची तशीच. त्यांनी पानं क्रमानं एकावर एक रचली तेव्हा सगळ्या खोलगट जागा जुळून आल्या आणि तिथे एक लहानशी खळगी तयार झाली. त्यांनी मास्तरांचा उजवा हात धरला आणि अंगठा त्या खळगीवर टेकवला. तो नेमका बसला.

“अकरा वर्षं,” बाई म्हणाल्या. “रोज पंधरा मिनिटं. अर्धा ग्रॅम साबणाच्या फेसातून गेलाय, साहेब. काकूंना विचारा, त्यांनी घासलाय तो.”

साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, जरा वेळ हातात फिरवला आणि टेबलाच्या खणात टाकला.

बाईंनी वजनखोलीचं जुनं रजिस्टर मागवलं. ते संग्रहालयातच एका कपाटात पडलं होतं. चारशे बाराचं पान काढलं. त्यांच्याच अक्षरात तीस वर्षांपूर्वीची ओळ होती, सत्तावीस पूर्णांक चार. तिच्याखाली त्यांनी लिहिलं, पानं एकोणीस, दगड एक, नंबर एक, वजन सव्वीस पूर्णांक नऊ. मग हातघटीच्या रकान्यात लिहिलं, अर्धा ग्रॅम. आणि त्याच्यासमोर मास्तरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत, एकही अक्षर न गाळता.

मास्तर वाकून वाचत होते. वाचून झालं तरी वाकलेलेच राहिले.

फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. पाहुण्या आत आल्या, टेबलावरच्या पानांकडे पाहून जागच्या जागी थबकल्या, आणि नमस्कारचमत्कार विसरून त्यांनी विचारलं, हात लावू का? साहेबांनी तोळाबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, जरूर लावा, फक्त आधी तुमचं पूर्ण नाव सांगून ठेवा.

मास्तर तेवढ्यात व्हरांड्यात गेले होते. भाची दारातून बघत होती. बेसिनपाशी उभं राहून ते सावकाश हात धूत होते, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, तिनं बजावलं होतं तसे. काकूंनी पुढे होऊन नळ जरा मोठा केला. साबण तपकिरी झाला, ओघळ बेसिनमधून खाली गेला, आणि काकू त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.